शास्त्री नगरचं फायालाइट

हसणार नसाल तर सांगतो. नाही, हसालच म्हणा. मीनल, म्हणजे माझी बायको, अजून हसते, आणि तिला तर सगळं घडलं तेव्हापासून पाठ आहे. फक्त एवढं करा, तोंडातला चहा आधी गिळून घ्या. मागच्या वेळी हे ऐकताना आमच्या मराठी मंडळातल्या कर्नलसाहेबांच्या नाकातून चहा आला होता. त्यांच्या मिसेस त्यानंतर माझ्याशी दोन महिने तुटक बोलत होत्या.

तर मी इथे जयपूरला एका कॉलेजात भूशास्त्र शिकवतो. मूळचा नागपूरचा. वीसेक वर्षं झाली इथे येऊन. भूशास्त्र म्हटलं की लोकांना भूकंप, ज्वालामुखी असलं काहीतरी जबरदस्त वाटतं. प्रत्यक्षात काय? दगड! गाडीच्या डिकीत दगड, शोकेसमध्ये दगड, बुटांच्या रॅकमध्ये दगड. कपडे मशीनला लावायच्या आधी दुसऱ्या बायका नवऱ्याच्या खिशात चिठ्ठ्या शोधत असतील, मीनल गारगोट्या शोधते.

आणि एवढे दगड गोळा करून माझ्या नावावर शोध किती? शून्य! माझ्या बॅचमधल्या एकाला डायनासोरचं अंडं मिळालं. एकीने अख्खी एक खडकाची पट्टी नकाशावर आणली. माझ्या नावावर एक स्कूटर आहे.

तशात एक दिवस उमाळकर मॅडमचा फोन आला.

उमाळकर मॅडम म्हणजे आमच्या नागपूरच्या गुरू. वय चौऱ्याहत्तर, आवाज चोवीसचा. मला हातोडी कशी धरायची हे त्यांनी शिकवलं. दुसऱ्या वर्षाला प्रॅक्टिकलमध्ये नापास झालो आणि बॅग भरून गावी निघालो, तेव्हा होस्टेलच्या दारात उभं राहून मला परत वर पाठवणाऱ्या ह्याच. त्या दिवशी त्या दारात नसत्या, तर आज मी भावाच्या दुकानात बसून पाइपांचे सांधे विकले असते.

"ढोबळे," मॅडम म्हणाल्या, "मी विद्यार्थ्यांसाठी एक पुस्तक करतेय. मराठीत. कोणता दगड कुठे जाऊन पाहायचा, असं. माझ्या प्रत्येक जुन्या विद्यार्थ्याला एक पान. त्याने स्वतः शोधलेला दगड, जागा आणि फोटो. सगळ्यांची पानं आली. तुझं कोरं आहे. आहे का रे काही?"

'आहे का रे काही!' बघा हं, त्यांनी साधंच विचारलं होतं. पण मला ते असं लागलं म्हणता! मला ते पान हवं होतं. सरळ सांगतो, प्रमोशनसाठीसुद्धा मी कधी एवढा तळमळलो नाही.

"आहे ना मॅडम," मी म्हणालो. "पक्कं झालं की कळवतो."

पक्कं काय, कच्चंसुद्धा काही नव्हतं! पण देवाची करणी अशी, की त्याच आठवड्यात मला ते सापडलं.

आम्ही शास्त्री नगरला राहतो. घरामागे थोडं चाललं की नाहरगडच्या डोंगररांगेची एक शेपटी खाली उतरते. मी रोज सकाळी तिथे फिरायला जातो. सगळी टेकडी एकाच खडकाची, फिकट गुलाबी, कडक. आणि त्या गुलाबी खडकात, एका खेजडीच्या झाडाखाली, मला एक काळा दगड दिसला. उचलला तर हे वजन! कोहळं समजून उचलावं आणि पाट्याचा दगड निघावा, तसं. आजूबाजूला शोधलं, आणखी दहा मिळाले. एकूण अकरा.

एक तुकडा कॉलेजात नेला. आम्ही दगडाचा कागदासारखा पातळ काप काढतो, इतका की त्यातून उजेड आरपार जातो, आणि तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो. पाहिलं, आणि खुर्ची मागे सरकली. फायालाइट!

आता तुम्ही म्हणाल, हे कोण? फायालाइट म्हणजे लोह आणि सिलिका यांचं खनिज. हिरवट काळं, वजनदार, आणि आमच्या टेकडीवर त्याला काही म्हणजे काही काम नाही. आमच्या गल्लीत पाणबुडी उभी दिसावी, इतकं ते विचित्र! म्हणजेच शोध. माझा शोध!

कापात लांब लांब सुया दिसत होत्या. जरा खटकलं. दगडात बारीक बुडबुड्यांची भोकं होती. तेही खटकलं. पण मनाला एकदा पान दिसायला लागलं ना, की डोळ्यांना भोकं दिसत नाहीत. 'प्राचीन वायू असतील,' असं मी मला समजावलं आणि मलाच ते पटलं.

घरी येऊन मीनलला सांगितलं.

"म्हणजे आता आणखी दगड घरात येणार?" ती म्हणाली.

"अगं, जयपूरच्या भूगर्भाचा इतिहास बदलणार आहे!"

"तो बदलू द्या. शोकेसमधले आधी आवरा."

जाऊ द्या. मी मंडळाच्या ग्रुपवर टाकलं. इथे मला थांबायला हवं होतं, हे आता कळतं. शाब्बासक्यांची रांग लागली. अंगठे, फुलं, हात जोडलेले. सिव्हिल लाइन्सला राहणाऱ्या आमच्या अध्यक्षबाईंनी लगेच पुढच्या रविवारी माझा सत्कार ठरवला. शाल, नारळ, आणि 'दोन शब्द'. दोन शब्द मी पंचेचाळीस मिनिटं बोललो. 'पाठ्यपुस्तकं पुन्हा लिहावी लागतील,' असं म्हणालो मी. माइकवर! शेवटी शेवटी तर टेकडीभोवती कुंपण घालावं, अशी मागणीसुद्धा केली. कोणाकडे केली, देव जाणे. समोर बटाटेवड्यांची वाट बघणारी चाळीस माणसं होती.

सोमवारी दूधवाल्या भैयाने विचारलं, "प्रोफेसर साब, सुना है पहाड़ी में कुछ निकला है?"

मी नुसता गूढ हसलो. मंगळवारी सकाळी टेकडीवर तीन माणसं खुरपी घेऊन हजर! त्यांना समजावून परत पाठवता पाठवता माझं कॉलेजचं पहिलं लेक्चर बुडालं.

मग मॅडमना फोन केला. ऐटीत. "मॅडम, फायालाइट. माझ्या घरामागे."

मॅडम म्हणाल्या, "त्या टेकडीत? काहीच्या काही! मी पाहिल्याशिवाय छापत नाही, ढोबळे. येते."

आणि आल्या हो! नागपूरहून एकट्या, रेल्वेने. मी म्हटलं, "मॅडम, विमान होतं की." तर म्हणाल्या, "विमानात हातोडी जवळ ठेवू देत नाहीत, आणि मला तिच्यावाचून करमत नाही." पर्समध्ये चष्मा, गोळ्या, भिंग आणि हातोडी. मीनलने रात्री वडाभात केला होता. मॅडम दोनदा वाढून घेऊन जेवल्या आणि उठताना म्हणाल्या, "उद्या सात वाजता. टोपी घाल."

एप्रिल होता. सातला निघालो तरी ऊन चढलेलंच. बरोबर माझी मुलगी इरा, फोटो काढायला. ती आठवीत आहे. जन्म इथलाच, त्यामुळे तिचं मराठी अर्ध्या वाटेत हिंदीच्या बसमध्ये चढतं. पुढे मॅडम, मागे इरा आणि सगळ्यात मागे, जिभेला कोरड पडलेला, तुमचा हा संशोधक.

खेजडीखाली पोचलो. मी हात पसरून म्हटलं, "हे पाहा मॅडम!"

मॅडमनी दगडांकडे पाहिलं. मग टेकडीकडे. मग माझ्याकडे.

"किती तुकडे?"

"अकरा."

"सगळे इथेच? या झाडाखाली?"

"हो."

"वर?"

"नाही."

"खाली? बाजूला? त्या नाल्यात?"

"नाही मॅडम."

"काहून रे? दगड काय सावलीला येऊन बसले?"

मॅडम खाली बसल्या, एक तुकडा फोडला, भिंग लावलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. परीक्षेत बघायचो तसाच, नापास झालो त्या वर्षी.

"भोकं आहेत," त्या म्हणाल्या.

"वायू, मॅडम. प्राचीन."

"आणि इथे कडेला हिरवं काय आहे?"

मी वाकून पाहिलं. तांब्याच्या भांड्याला चढतो तसला हिरवा डाग. हा मी पाहिलाच नव्हता! खरं तर पाहिला असणार, पण शेवाळ म्हणून सोडून दिला असणार.

"ढोबळे," मॅडम शांतपणे म्हणाल्या, "फायालाइट हे नाव कुठून आलं? सांग."

घ्या! पन्नाशी ओलांडलेल्या माणसाची टेकडीवर, पोटच्या पोरीसमोर, तोंडी परीक्षा! पण हे मला येत होतं. दर वर्षी वर्गात मी हे रंगवून सांगतो. छाती पुढे काढून सुरू झालो.

"मॅडम, अटलांटिक महासागरात अझोर्स बेटं आहेत, पोर्तुगालची. त्यातलं एक फायाल. त्या बेटावर हे खनिज सापडलं, म्हणून फायालाइट. बेट ज्वालामुखीचं, तेव्हा लोकांना वाटलं की हे तिथलंच. पण गंमत म्हणजे, तो दगड बहुधा तिथला नव्हताच! तो भट्टीतला धातुमळ होता असं म्हणतात. धातू वितळवल्यावर खाली उरतो ना, तो काळा चोथा. पूर्वी रिकामी जहाजं डोलू नयेत म्हणून तळाला वजन भरायचे. तसा तो कुठून तरी जहाजात आला, किनाऱ्यावर... टाकून दिला... आणि शास्त्रज्ञांनी तो उचलून... बेटाचं नाव..."

बोलता बोलता माझी नजर पायाशी पडलेल्या त्या काळ्या दगडांवर गेली.

"हं," मॅडम म्हणाल्या. "पुढे?"

"पुढे काही नाही, मॅडम."

"हा धातुमळ आहे, ढोबळे. तांब्याच्या भट्टीचा. इथे भट्टी नाही. आता एवढंच सांग, शास्त्री नगरला जहाज कोणाचं लागलं होतं?"

मला काय वाटलं सांगू? जमीन दुभंगावी असं वाटलं, पण तो खडक इतका कडक, की तीही सोय नव्हती. चाळीस माणसांसमोर शाल घेतली होती मी! आणि पान? पान तर गेलंच.

मग मला राग आला. आपलं चुकलं की दुसऱ्याचा राग येतो, हा माझा स्वभाव आहे, मीनलला विचारा.

"कोण तरी नालायक पोट्टा आहे मॅडम!" मी ओरडलो. "आमच्याच कॉलेजचा असणार. सहलीहून पोतंभर नमुने आणतात, आणि जड झाले की वाटेत फेकतात! एका जागेचा दगड दुसऱ्या जागी टाकणं म्हणजे पाप आहे, पाप! असल्या माणसाला हातोडी धरू देता कामा नये. मी शोधून काढीन त्याला. अख्ख्या वर्गासमोर उभा करीन. त्याच्या आईबापांना बोलावीन!"

"बोलाव," मॅडम म्हणाल्या, आणि एक एक दगड उलटा करून पाहायला लागल्या.

मीही तावातावात कडेचा एक दगड पायाने उलटवला.

त्याच्या पोटावर व्हाइटनरचा पांढरा ठिपका होता. ठिपक्यावर काळ्या शाईत लिहिलं होतं, 'खे ४'.

आता ऐका. गोळा केलेल्या दगडावर असा ठिपका देऊन क्रमांक घालायची आमची पद्धतच आहे; बाकीच्यांचे उन्हापावसात उडाले असणार. पण जयपूरच्या अख्ख्या कॉलेजात हा क्रमांक देवनागरीत घालणारा माणूस एकच. बाकी सगळे इंग्रजीत घालतात. आणि वर्षातून एकदा स्टाफरूममध्ये त्यावरून वाद घालणाराही तोच.

सगळं एकदम आठवलं हो! चार वर्षांपूर्वी आम्ही विद्यार्थ्यांना घेऊन खेतडीकडे गेलो होतो. तिकडे तांब्याच्या जुन्या भट्ट्यांच्या धातुमळाचे ढीग आहेत. वर्गात दाखवायला म्हणून मी एक गोणी भरून आणली. ती गोणी बाल्कनीत पडली. वर्षभर पडली. मग सासूबाई येणार होत्या, आणि मीनल म्हणाली, "या घरात एक तर ही गोणी राहील, नाही तर माझी आई." मी क्षणभर विचार केला होता, हे कृपा करून तिला सांगू नका. दुसऱ्या दिवशी पहाटे फिरायला जाताना दोन खेपांत गोणी टेकडीवर रिकामी केली. म्हटलं, दगडांत दगड, कोणाला काय कळतंय!

कोणालाच कळलं नाही. मलासुद्धा नाही!

मॅडम पाठमोऱ्या होत्या. आणि मी काय केलं? भूशास्त्राचा डॉक्टर, वीस वर्षांचा अनुभव, मी त्या दगडावर पटकन बसलो.

काळा दगड, एप्रिलचं ऊन, आणि माझी ती पातळ सुती पँट. तव्यावर बसल्यासारखं झालं. पण हललो नाही. चेहरा शक्य तितका सहज ठेवला.

"काय रे, दमलास?" मॅडमनी वळून विचारलं.

"नाही मॅडम. सहज. निसर्ग बघतोय."

"लाल का झालास?"

"ऊन आहे ना."

"मग सावली इकडे आहे. इकडे बस."

"नाही, नाही! मला ऊन आवडतं."

इराने तेवढ्यात माझा फोटो काढला. मॅडम दगड मोजत होत्या. "आठ, नऊ, दहा. ढोबळे, एक तुकडा तू कॉलेजात फोडलास ना?"

"त्याचा कोपराच फोडला, मॅडम. बाकीचा परत इथेच आणून ठेवला."

"मग अकरा हवेत. दहाच आहेत."

"मोजण्यात चूक झाली असेल, मॅडम. सोडा ना."

आणि माझी कन्या, जिला मी बोट धरून चालायला शिकवलं, ती खणखणीत आवाजात म्हणाली, "नाही मॅडम आजी, एक तर बाबांच्या नीचे आहे ना!"

उठलो. दुसरं काय करणार? मॅडमनी दगड उचलला, ठिपका वाचला. भिंग लावून पुन्हा वाचला. मग त्या हसायला लागल्या. त्या अशा हसल्या, अशा हसल्या की खेजडीला धरून खाली बसल्या, चष्मा काढून डोळे पुसले आणि पुन्हा 'खे ४' वाचून पहिल्यापासून हसल्या. "आईबापांना बोलाव रे," एवढंच मधून मधून म्हणत होत्या.

मला मात्र रडू येत होतं. खरंच सांगतो. मी म्हटलं, "मॅडम, माफ करा. माझं पान काढून टाका. मी कोणाला काही सांगणार नाही, तुम्ही पण नका सांगू."

त्या थांबल्या. माझा हात धरून उठल्या, पँटची धूळ झटकली, माझ्या नाही, स्वतःच्या. आणि म्हणाल्या, "वेडा आहेस का? इतकं चांगलं पान मला एकानेही दिलेलं नाही. इरा, तो फोटो मला पाठव."

मला वाटलं, मन राखायला बोलताहेत. घरी आलो, मॅडम पोहे खाऊन, मीनलला सगळं सांगून, तिच्याबरोबर पुन्हा एकदा हसून संध्याकाळच्या गाडीने गेल्या.

दिवाळीनंतर पुस्तक आलं. मी घाईघाईने पानं उलटली. सगळ्यांची पानं होती, डायनासोरचं अंडंसुद्धा. माझं सापडेना. मग शेवटी सापडलं. 'दगड कसे प्रवास करतात' या धड्यात. पानभर फोटो, त्यात मी, लालबुंद, ओठ घट्ट मिटून निसर्ग बघताना. खाली मॅडमच्या शब्दांत चार ओळी होत्या.

"दगड: धातुमळातलं फायालाइट. सापडलं: शास्त्री नगर, जयपूर. मूळ जागा: खेतडी. दगड वाहून नेणारी माध्यमं तुम्ही शिकलाच आहात: नदी, वारा आणि हिमनदी. या दगडाचं माध्यम वरच्या छायाचित्रात बसलं आहे."

पुस्तक मराठीत, तेव्हा इथे कोण वाचणार, म्हणून मी निर्धास्त होतो. पण आलेल्या दोन प्रतींतली एक मीच आधी कॉलेजच्या लायब्ररीला भेट देऊन बसलो होतो, कव्हर न उघडता, त्याच दिवशी, ऐटीत! आणि देवनागरी तर आमच्या सगळ्या पोरांना येते.

डिसेंबरात सहामाहीला मी प्रश्न घातला: 'दगड वाहून नेणारी माध्यमं लिहा.' अठ्ठावीस पेपरांत उत्तर होतं, नदी, वारा, हिमनदी आणि ढोबळे सर.

पूर्ण मार्क द्यावे लागले. छापील पुस्तकात आहे म्हटल्यावर कापणार कसे?